अकरा वेळा दिलेला घोडा

शिनेबायार साहेब गाडीतून उतरला तेव्हाच मी ओळखलं, हा काहीतरी फुकटात मागायला आलाय. एरवी याला आमच्याकडचा धुरळा चालत नाही. बुटाला शेण लागेल म्हणून पावलं मोजत चालतो, आणि हा म्हणे मंगोल देशाचं तोंड! राजधानीत याचं ऑफिस आहे, 'शेजारमैत्री विभाग'. चार खोल्या, सहा साहेब आणि एक घोडा. त्यातला घोडा माझा.

परदेशातून मोठा पाहुणा आला की आम्ही त्याला घोडा देतो. पाहुणा घोड्याला नाव ठेवतो, गळ्यात निळा खदग, म्हणजे मानाचा रेशमी रुमाल बांधतो, फोटो काढतो आणि विमानात बसून जातो. घोडा मागं कुणा गुराख्याकडं राहतो, पण राहतो त्या पाहुण्याचा म्हणून. त्याच्यावर कुणी बसत नाही, त्याला कुणी विकत नाही. माझा नवरा चोइजिल या घोड्यांचा राखणदार होता. तो होता तोवर पाहुणा तितके घोडे. चार वर्षांपूर्वी तो गेला, आणि विभागाच्या डोक्यात प्रकाश पडला की पाहुण्याला काय कळतंय, एक घोडा पुरे. आयजीच्या जिवावर बायजी उदार! मग काय, आला पाहुणा की दे तांबडा, आला की दे तांबडा. चार वर्षांत तो अकरा जणांना दिला. अकरा नावांच्या अकरा लाकडी पाट्या माझ्याकडं पोत्यात पडून आहेत. पाहुणा यायच्या आधी तेवढी पाटी बदलायची.

तुम्ही म्हणाल, दोल्गोरबाई, तुम्ही का गप्प बसलात? बसले खरी. तांबडा म्हणजे चोइजिलनं हातानं शिकवलेला शेवटचा घोडा. कपाळावर पांढरा पट्टा, कॅमेऱ्यापुढं दगडासारखा उभा राहतो. म्हटलं, फोटोनं त्याचं काय झिजतंय? आणि दुसरं म्हणजे मी मनातून तो कधी दिलाच नव्हता. आमच्यात जनावर द्यायचं तर आधी त्याच्या आयाळीचे चार केस उपटून घेतात. जनावर जातं, बरकत घरात राहते. ते केस आमच्या गेरमध्ये, म्हणजे या नमद्याच्या घरात, छताच्या मधोमध लोंबणाऱ्या दोरीला बांधून ठेवायचे. केस घेतले नाहीत तर दिलंच नाही. तांबड्याचा एक केस मी कुणासाठी उपटला नव्हता. साहेबलोकांच्या हे ध्यानातही आलं नाही. यांच्या आज्या मेल्या आणि अक्कलही सोबत घेऊन गेल्या.

"ताई, शुक्रवारी परिषद संपतेय," शिनेबायार म्हणाला. खारा चहा त्यानं नुसता ओठांना लावला. "ईशान्य आशियाची सुरक्षा आणि परस्परविश्वास. दोन्ही कोरियांची माणसं एका टेबलाला बसवलीत आपण. जगात कुणाला जमलं नाही, आपल्याला जमलंय!"

"बसलीत ना? मग बोलू दे त्यांना. माझ्याकडं काय काम?"

"शेवटच्या दिवशी पाहुणे आपापले घोडे बघायला येणार."

"आपापले? कुठले आपापले?"

साहेब नखं बघायला लागला. "दक्षिणेचे नाम गी-हो साहेब आहेत, त्यांना तीन वर्षांपूर्वी तांबडा दिलाय. आणि उत्तरेचे ओम हाक-सू साहेब. त्यांनाही..."

"त्यांना काळा दिला होता. चोइजिलनं दिला होता, आठ वर्षांपूर्वी."

"बरोबर. तो."

"तो मेला, साहेब. मोठ्या थंडीत मेला. चोइजिलनं तुमच्या ऑफिसात येऊन लिहून दिलं होतं."

"मैत्रीचा घोडा मरत नसतो, ताई," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं कुठल्यातरी भाषणात वापरलेलं असणार, इतकं ते गुळगुळीत होतं. "आपण काय करू, अकरा वाजता दक्षिणेला तांबडा दाखवू. ते गेले की पाटी बदलू. एक वाजता उत्तरेला तांबडा दाखवू."

"अहो, काळा तो तांबडा कसा होईल?"

"आठ वर्षांत उन्हानं रंग उडाला म्हणून सांगा."

आमच्या भाषेत घोड्याच्या रंगाला शेकड्यांनी नावं आहेत, शेंबडं पोरही त्यातली पन्नास सांगतं, आणि हा घोड्याचा रंग उन्हात उडवतोय! "रंग माणसाचा उडतो, साहेब," मी म्हटलं. "घोडा तेवढा हलका नसतो."

तेव्हा तो खरा बोलला. ओम साहेब आजारी आहेत, हे त्यांचं शेवटचं येणं. त्यांनी प्योंगयांगहून खास कळवलंय की माझा घोडा मला बघायचाय. घोडा मेला आणि पाच वर्षं लपवलं हे बाहेर आलं तर उत्तरेची मंडळी तोंड फिरवून जातील, परिषद मोडेल, साऱ्या जगात शोभा होईल. "आणि तसं झालं ना ताई, तर राखणदार दुसरा नेमावा लागेल. कागदावर तांबडा विभागाचा आहे. तो त्याच्याकडं जाईल."

म्हणजे असं होतं. म्हाताऱ्याला खोटं सांगा, नाहीतर चोइजिलचा घोडा सोडा. साहेब गेला तरी मी चुलीपुढं बसून होते. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, उगाच खोटं कशाला बोलू.

म्हाताऱ्याला फसवणं जड जात होतं, कारण ओम हाक-सूला मी विसरले नव्हते. त्यांच्याकडच्या लढाईत आईबाप मेलेली शेदोनशे पोरं आमच्या सरकारनं इकडं आणून वाढवली होती. त्यातला हा एक. पाच वर्षांचा आला, बारा वर्षांचा परत गेला. त्यामुळं मंगोल भाषा बोलतो ती बारा वर्षांच्या पोराची. डोक्याला टक्कल, छातीवर बिल्ले, आणि मला म्हणतो 'ताई'! मी त्याच्याहून सात वर्षांनी धाकटी. आठ वर्षांपूर्वी चोइजिल त्याला एक साधा करडा घोडा देत होता, तर हा हळूच म्हणाला, "दादा, केस घेतले नाहीत. मग देताय की नुसतं दाखवताय?" चोइजिल इतका हसला, इतका खूश झाला की करडा सोडून दिला आणि आपला सगळ्यात लाडका काळा घेऊन आला. केस उपटले, दोरीला बांधले. चोइजिलनं खरोखर दिलेला असा तो एकच घोडा मी पाहिलाय.

परिषदेच्या बातम्या टीव्हीवर रोज येत होत्या. पहिला दिवस टेबल गोल की चौकोनी यात गेला. दुसऱ्या दिवशी झेंड्यांच्या काठ्या मोजल्या, एक बोटभर उंच निघाली म्हणून जेवण दोन तास थांबलं. दोघांची भाषा एक, तरी दुभाषे दोन. हा बोलला की दुभाषा तेच पुन्हा त्याच भाषेत सांगणार! आणि मधे आमचा शिनेबायार, गालात हवा भरून, "विश्वासाचं वातावरण आहे." वातावरण होतं खरं, पण आमच्याकडं शेळ्यांच्या गोठ्यात याहून बरं असतं. निदान शेळ्या एकमेकींना चिकटून बसतात.

शुक्रवारी सकाळीच शिनेबायार आला. पाट्यांच्या पोत्यातून त्यानं दोन काढल्या. नामनं ठेवलेलं नाव 'शांती', ओमनं काळ्याला ठेवलेलं 'एकजूट'. 'शांती' खुंट्याला टांगली, 'एकजूट' कोटात घातली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, दक्षिणेचा पत्ता नाही. राजधानीतल्या गर्दीत त्यांची बस अडकलेली. हा फोनवर फोन करतोय, घाम पुसतोय. बाराला दोन धुरळे दिसले. एकामागं एक. उत्तरेवाले तासभर आधी आले होते, दक्षिणेवाले तासभर उशिरा, आणि दोन्ही बसगाड्या माझ्या दारात अंगाला अंग लावून थांबल्या.

"मेलो!" शिनेबायार म्हणाला. तीन दिवसांत एवढंच खरं बोलला असेल.

नाम गी-हो उतरला तो हात पसरूनच. गोल चेहऱ्याचा, गवती टोपीवाला म्हातारा, फार हसरा. तांबड्याच्या गळ्यात पडला, नातवंडांना दाखवायला फोटो काढायला लागला. इतक्यात ओमच्या सोबतचा वहीवाला पुढं आला. हा माणूस ओमच्या मागं सावलीसारखा असतो आणि जो काही बोलेल ते वहीत उतरवतो. त्यानं दुभाष्यातर्फे शिनेबायारला विचारलं, आमच्या साहेबांचा घोडा कुठला?

शिनेबायारनं काय करावं! तांबड्याला वळसा घातला आणि शेपटीकडून बोट दाखवलं. त्याला बहुतेक वाटलं, एकानं तोंड बघावं, एकानं ढुंगण, म्हणजे दोन घोडे होतील.

मग जो कालवा झाला! वहीवाला ओरडला, दक्षिणेचा माणूस आमच्या घोड्याला मिठ्या मारतोय, हा आमचा अपमान आहे. दक्षिणेचा कुणी अधिकारी फोनवरचा फोटो नाचवत आला, हा बघा पुरावा, तारखेसकट. दक्षिणेकडं खुंट्यावरची पाटी आहे, तर उत्तरेकडं घोडा दिल्याचं पत्र आहे. दोन्हीकडचे मिळून बारा साहेब, तीन दिवस झेंड्यांच्या काठ्या मोजणारे, आता एका घोड्यावरून हमरीतुमरीवर आले. कुणी म्हणालं निषेध नोंदवा, कुणी म्हणालं बस चालू करा. कोटातून 'एकजूट' खाली पडली, ती शिनेबायारनं बुटाखाली दाबली. तांबडा मात्र कान हलवत उभा. तेवढ्यात त्याला शेण टाकायची बुद्धी झाली. परिषदेत त्या दिवशी कामाचं तेवढंच झालं.

ओम काठी टेकत तांबड्याजवळ गेला, ओठ वर करून दात बघितले, मानेवरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळला. वाळून अर्धा झाला होता.

"ताई, हा माझा नाही," तो म्हणाला. "हा सात वर्षांचा आहे. माझा आता पंधरा वर्षांचा झाला असेल. आणि माझा काळा होता."

"उन्हानं..." शिनेबायार पुटपुटला. ओमनं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

"ताई, माझा कुठाय?"

शिनेबायार माझ्या कानाशी आला. "ताई, माळावर चरायला गेलाय म्हणून सांगा. तांबडा जाईल, बघा. उद्याच जाईल."

मी तांबड्याकडं बघितलं. आणि समोर तो टकलू म्हातारा, लहान पोरासारखा तोंडाकडं बघत उभा. एवढ्या लांबून आलेल्याला मी काय सांगू, चरायला गेलाय? त्यानं रात्रीपर्यंत वाट बघितली असती.

"मेला, दादा," मी म्हटलं. "मोठ्या थंडीत. चोइजिलनं अंगावरचा कोट त्याच्यावर टाकला होता. पहाटे बघितलं तर उभ्या उभ्याच गोठलेला. चोइजिल दोन दिवस जेवला नाही. यांना आम्ही कळवलं होतं, यांनी तुम्हाला कळवलं नाही. आणि मीही आज खोटं बोलायच्या बेतात होते."

वहीवाल्यानं दुभाष्याला विचारून भराभर लिहून घेतलं. शिनेबायार खुंट्याला धरून खाली बसला.

ओम म्हणाला, "केस?"

"आहेत ना. आत चला."

आम्ही गेरमध्ये गेलो. वहीवाला आमच्या मागं घुसला आणि त्याच्यामागं नामही आला, टोपी हातात घेऊन. दोरीला काळ्या केसांचा झुपका लोंबत होता, धुरानं तेलकट झालेला. ओमनं त्याला हात लावला नाही. खाली उभा राहून वर बघत राहिला.

"आम्हाला परत पाठवलं ना ताई, तेव्हा आमची यांजमा-आई स्टेशनवर आली होती," तो म्हणाला. "जिनं आम्हाला वाढवलं ती. कात्री घेऊन आली आणि रांगेनं एकेका पोराच्या डोक्याचे चार चार केस कापले. रुमालात बांधले. आम्हाला वाटलं, डोक्यात उवा झाल्या असतील. गाडी सुटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मग मी खूप रडलो."

नामनं त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि ओमनं त्याला सगळं सांगितलं. दुभाष्याशिवाय. नाम ऐकून घेऊन खाली बसला आणि नाक शिंकरायला लागला.

बाहेर आलो तर शिनेबायारला नवा जोर चढलेला. "तोडगा निघालाय!" म्हणाला. "तांबडा अर्धा यांचा, अर्धा त्यांचा. ऐतिहासिक होईल. निवेदनात घालू."

नामनं तेवढ्यात दुभाष्यातर्फे विचारलं, पुढचा अर्धा कुणाचा? ओम म्हणाला, पुढच्याला चारावं लागतं. नाम म्हणाला, मग मागचं झाडायचं कुणी? तीन दिवसांत पहिल्यांदा दोन म्हातारे हसले. त्यांचे साहेबलोक मात्र खरंच विचार करायला लागले, रेघ कुठून काढावी!

तिथं माझं डोकं फिरलं. "अहो, घोडा आहे तो!" मी ओरडले. "तुमचा देश नव्हे, मधून कापायला."

ओमनं ते शब्दाला शब्द धरून त्यांना सांगितलं. वहीवाल्याचं पेन तेवढं थांबलं. ते वाक्य त्यानं लिहिलं की नाही, मला दिसलं नाही.

मी तांबड्याजवळ गेले. "हे साहेब म्हणतात, हा अकरा वेळा दिला. एकदाही दिलेला नाही. याची आयाळ बघा, एक केस कुणी काढलाय का? आज देते." आणि सगळ्यांच्या कॅमेऱ्यांसमोर मी त्याच्या आयाळीचे केस मुठीत धरून उपटले. तांबडा थरारला. मीही थरारले. चोइजिलचा घोडा होता तो, आता पुन्हा कधी मी त्याच्यावर बसणार नाही. "या दोघांना दिला. अख्खा. मालक दोन, घोडा एक. भांडायचं तर इथं येऊन भांडा, मी चहा देईन."

शिनेबायारचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दोन सरकारांच्या पाहुण्यांना, एवढ्या साक्षीदारांसमोर, रीतीनं दिलेला घोडा. तो आता विभागाचा म्हणून कुठं नेणार, आणि पुढच्या पाहुण्याला तरी कसा देणार?

नामनं तांबड्याची मान थोपटली, मला वाकून नमस्कार केला आणि बसमध्ये चढला. ओम मागं राहिला. वहीवाला घड्याळ दाखवत होता. तरी ओमनं काठी माझ्याकडं दिली, टोपी काढली आणि माझ्यापुढं डोकं वाकवलं.

"ताई, मी आता परत जातोय," तो म्हणाला. "पुन्हा येणार नाही. माझेही घे."

डोक्यावर काय होतं, काही नव्हतं. कानामागं चार पांढरे केस राहिले होते. "दादा, दुखेल हं," मी म्हटलं. "यांजमा-आईनं कात्री आणली होती, माझ्याकडं नाही."

"उपट," म्हणाला. "तिचे कुठं गेले कुणास ठाऊक. हे तरी इथं राहू देत."

मी उपटले. वहीवाल्यानं शिनेबायारला विचारलं, ही बाई काय करतेय? आणि आमचा शेजारमैत्रीवाला, मंगोल आईच्या पोटी जन्मलेला, म्हणतो कसा, "काही नाही, आमच्याकडचा डोकेदुखीवर घरगुती उपाय आहे."

रात्री टीव्हीवर तोच दिसला. दोन्ही कोरियांनी एक घोडा सामाईक स्वीकारला, विभागाच्या कल्पक मुत्सद्देगिरीचं फळ, म्हणे. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, जेवा पोटभर! काळ्याचे, तांबड्याचे आणि दादाचे, असे तीन झुपके आता माझ्या दोरीला आहेत.

परवा शिनेबायारचा फोन आला. पुढच्या आठवड्यात कुठलासा मोठा पाहुणा येतोय, घोडा लागेल.

"दिला," मी म्हटलं आणि फोन ठेवला.